मोबाइलवर ईमेल: जोडणी कशी करावी आणि अडला तर कुठे पाहावं

ईमेल बंद पडला की बहुतेक जण खातं काढून पुन्हा जोडतात. एवढं करायची गरज क्वचितच पडते, आणि त्यात नुकसानही होऊ शकतं: खातं पॉप पद्धतीने (मेल सर्व्हरवरून, म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरून, फोनमध्ये उतरवून घेणारी जुनी पद्धत) जोडलेलं असेल, तर फक्त फोनमध्येच असलेले जुने मेल त्याच्याबरोबर जातात. मेल आणण्याचं काम एका सेटिंगवर चालतं, पाठवण्याचं दुसऱ्या. नेमकं काय अडलंय ते आधी शोधा.

जीमेल, आउटलुक, याहूचं खातं जोडणं सोपं. अँड्रॉइडवर जीमेल अ‍ॅपमध्ये वर उजवीकडच्या प्रोफाइल चित्रावर टॅप करा, दुसरं खातं जोडायचा पर्याय घ्या आणि कंपनी निवडा. आयफोनवर हेच काम सेटिंग्जमधल्या 'मेल'मध्ये होतं. नव्या आयओएसमध्ये 'मेल' हे 'अ‍ॅप्स'च्या आत सापडेल.

ऑफिसचा किंवा स्वतःच्या डोमेनचा (स्वतःच्या वेबसाइटच्या नावाचा) पत्ता असेल तर 'इतर' निवडून माहिती हाताने भरावी लागते:

१. प्रकार आयमॅप घ्या. यात मेल सर्व्हरवरच राहतात आणि फोन, कॉम्प्युटर दोन्हीकडे सारखे दिसतात. पॉप घ्यावंच लागलं तर 'सर्व्हरवर प्रत ठेवा' चालू करा.
२. युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता टाका. '@'च्या आधीचा भाग बहुतेक ठिकाणी पुरत नाही.
३. इनकमिंग (येणारे मेल): सुरक्षेचा प्रकार एसएसएल, पोर्ट (सर्व्हरच्या जोडणीचा क्रमांक) ९९३, पॉपसाठी ९९५.
४. आउटगोइंग (जाणारे मेल): एसएसएलसह ४६५ किंवा स्टार्टटीएलएस या दुसऱ्या सुरक्षा प्रकारासह ५८७. पोर्ट २५ टाकू नका, बरेच नेटवर्क तो अडवतात.

आयफोनवर आउटगोइंगच्या युजरनेम आणि पासवर्डच्या रकान्यांत फिकट अक्षरांत 'ऑप्शनल' लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवून रकाने मोकळे सोडले की मेल येतात, पण जात नाहीत. दोन्ही भरा. अँड्रॉइडवर याच जागी 'साइन-इन आवश्यक' हे बटण असतं. ते चालू हवं.

आता बिघाड. सगळ्यात आधी फोनच्याच ब्राउझरमधून मेल उघडून स्वतःला एक मेल पाठवा. तिथेही अडलं तर दोष फोनचा नाही: पासवर्ड बदललेला असेल किंवा जागा भरली असेल. जीमेलची मोफत १५ जीबी फोटो आणि ड्राइव्हसोबत वाटलेली असते, त्यामुळे इनबॉक्स रिकामा करून फारसा उपयोग होत नाही. मोठे व्हिडिओ आधी काढा.

ब्राउझरमध्ये चालतो, अ‍ॅपमधून जात नाही? आउटबॉक्स बघा. एखादी जड फाइल तिथे अडकलेली सापडते. मेलमधून जाताना फाइलचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून २५ एमबीच्या मर्यादेत २० एमबीची फाइलही अनेकदा बसत नाही. लिंक पाठवणं बरं.

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो, तेव्हा बहुधा दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू असते. जीमेल हाताने जोडलं असेल तर गूगल खात्यातून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड (फक्त त्या जोडणीसाठीचा वेगळा पासवर्ड) तयार करून तोच टाका. मुख्य पासवर्ड बदलला की हा रद्द होतो, तेव्हा नवा घ्यावा लागतो.

मेल उशिरा येत असेल तर अँड्रॉइडवर त्या खात्याचं सिंक (मेल आपोआप आणणं) चालू आहे का आणि बॅटरी सेव्हरने अ‍ॅपला झोपवलंय का, ते बघा. आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये जीमेल ठरावीक वेळानेच तपासलं जातं. तिथे 'ऑटोमॅटिक' निवडलं असेल तर फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच मागच्या मागे मेल आणतो. १५ मिनिटांचा पर्याय घ्या, बॅटरी थोडी जास्त जाईल.

सर्टिफिकेटचा, म्हणजे सर्व्हरची ओळख पटत नसल्याचा, इशारा आला तर घाईने 'पुढे चला' दाबू नका. आधी फोनची तारीख-वेळ तपासा, ती चुकली तरी हाच इशारा येतो. सार्वजनिक वायफायवर असाल तर ते बंद करून मोबाइल डेटावर पाहा. तरीही इशारा कायम राहिला तर सर्व्हरचं नाव मेल देणाऱ्याकडून अक्षर न् अक्षर पडताळून घ्या, आणि तोवर पासवर्ड टाकू नका.