लंग ट्रान्सप्लांटनंतरची बायोप्सी: चिमटा, क्रायो की सर्जिकल? इंदूरहून जाणाऱ्यांनी काय विचारायचं

माझ्या दादाचं ट्रान्सप्लांट बाहेरगावी झालंय आणि आम्ही इंदूरचे, म्हणजे प्रत्येक बायोप्सी (फुप्फुसाचा छोटा तुकडा काढून तपासणं) हा एक प्रवासच. इथल्या बऱ्याच मराठी घरांतून मला फोन येतात की क्रायो, म्हणजे गोठवून तुकडा काढायची बायोप्सी, करून घेऊ का, ती नवीन आहे ना. माझं म्हणणं एकच, आधी डॉक्टरांना विचारा की नक्की काय शोधताय, मग पद्धतीचं बोला.

अ‍ॅक्यूट रिजेक्शनमध्ये, म्हणजे शरीर नवीन फुप्फुसावर अचानक हल्ला करतं तेव्हा, बारीक रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जमा होतात, ते बघून पॅथॉलॉजिस्ट ए० (रिजेक्शन नाही) ते ए४ (सगळ्यात तीव्र) ग्रेड देतात. पण हे सगळ्या फुप्फुसात सारखं पसरलेलं नसतं, एका जागी असतं तर शेजारीच काही नसतं, म्हणून तुकडे कमी आले तर ए० वर लगेच विसंबायचं नाही. २००७ च्या आंतरराष्ट्रीय ग्रेडिंगप्रमाणे हवेच्या पिशव्या दिसणारे निदान ५ चांगले तुकडे लागतात. तेव्हा रिपोर्ट हातात आला की आधी तुकडे किती ते बघा, आणि एएक्स लिहिलं असेल तर त्याचा अर्थ रिजेक्शन नाही असा नाही, सॅम्पल पुरेसं नव्हतं असा आहे.

चिमट्याची म्हणजे फोर्सेप्स बायोप्सी सगळीकडे होते, बहुतेक वेळा हलकी भूल देऊन, एक्स-रेच्या स्क्रीनवर बघत एकाच बाजूच्या फुप्फुसातून तुकडे घेतात, कारण दोन्हीकडे हवा गळली तर फार अवघड होईल. तुकडे अगदी बारीक असतात आणि चिमट्यात चिरडतात, ही तिची कमजोरी. क्रायोमध्ये थंड प्रोबच्या टोकाला फुप्फुसाचा भाग काही सेकंद गोठवून ओढून काढतात, तुकडा मोठा आणि न चिरडलेला मिळतो, वाचायला सोपा. पण रक्तस्राव जास्त होऊ शकतो म्हणून बहुतेक ठिकाणी श्वासनलिकेत नळी घालून, रक्त अडवायचा फुगा तयार ठेवून करतात. इथे मशीनपेक्षा हात महत्त्वाचा, त्या टीमने ट्रान्सप्लांटच्या पेशंटवर किती केल्यात हे मोकळेपणाने विचारा, त्यात संकोच करायचा नाही. सर्जिकल बायोप्सीत सगळ्यात मोठा तुकडा मिळतो, पण पूर्ण भूल, छातीत नळी, अ‍ॅडमिशन, म्हणून ती बाकी सगळं करूनही उत्तर मिळालं नाही तरच.

क्रॉनिक म्हणजे हळूहळू होणाऱ्या रिजेक्शनचं मात्र वेगळं आहे, ते बायोप्सीत बऱ्याचदा सापडतच नाही, तिथे स्पायरोमेट्री म्हणजे फुंकायची तपासणी बोलते. एफईव्ही१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर येणारी हवा) आधीच्या सर्वात चांगल्या आकड्यांच्या सरासरीपेक्षा २० टक्के किंवा जास्त उतरला आणि तसाच राहिला तर डॉक्टर त्या दिशेने बघतात. म्हणून घरच्या छोट्या मशीनवर रोज फुंका आणि वहीत लिहा, आणि १० टक्के उतरला तरी सेंटरला कळवा, बायोप्सीच्या तारखेची वाट बघू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधीच सांगा, क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद करतात, पण आपल्या मनाने काहीच बंद करायचं नाही. त्याच सकाळी टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची) रक्तातली लेव्हल घेणार असतील तर गोळी रक्त दिल्यानंतरच. बायोप्सीबरोबर फुप्फुसात सलाईन सोडून परत ओढतात ती बीएएल तपासणी करणार का तेही विचारून ठेवा, कारण इन्फेक्शन आणि रिजेक्शन दोघांची लक्षणं सारखीच आणि औषधं अगदी उलटी.

आता परतीचं, जे आपल्याला फार लागू आहे. त्याच दिवशीचं इंदूरचं विमान बुक करू नका. फुप्फुसाभोवती हवा गळली असेल तर वर दाब कमी झाल्यावर ती फुगते, आणि कधी कधी ही गळती उशिरा लक्षात येते. बायोप्सीनंतरचा एक्स-रे बघून कधी आणि कशाने जायचं हे डॉक्टरांना विचारा, मुंबईहून असाल तर अवंतिका एक्सप्रेस ही रेल्वे आहेच. घसा सुन्न असेपर्यंत पाणीसुद्धा नको, ठसका लागून फुप्फुसात जाईल. त्या रात्री थोडा ताप येऊ शकतो, थुंकीत रक्ताची रेघही दिसते, पण दम लागला, छातीत एका बाजूला दुखलं किंवा रक्त वाढलं तर फोनवर चर्चा करत न बसता जवळच्या कॅज्युअल्टीत जा. तिथल्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटचा पेशंट पाहिलेला नसेल, म्हणून कुठल्या बाजूची बायोप्सी झाली, कोणती औषधं चालू आहेत आणि सेंटरचा रात्रीचा नंबर हे एका कागदावर लिहून पेशंटच्या खिशात ठेवा.