रेस्क्यू केलेलं बोलकं, दंगेखोर मांजर घरात कसं रुळवावं

सोसायटीच्या पार्किंगमधून किंवा मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीतून आणलेलं सहा महिने ते दीड वर्षाचं मांजर पहिल्या आठवड्यात अख्खं घर डोक्यावर घेतं. पहाटे चारला बंद दारापुढे बसून ओरडणं, पडद्यावरून थेट कपाटावर, ओट्यावरचं भांडं खाली, चालता चालता पोटरीवर झडप. बरीच मांजरं याच आठवड्यात परत केली जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण अशी मांजरं सहसा आजारी नसतात की वाईट स्वभावाचीही नसतात. ती तरुण असतात, घाबरलेली असतात आणि त्यांच्या अंगातल्या ताकदीला घरात काही कामच नसतं.

या वयाच्या मांजराला रोज चार गोष्टी लागतात: शिकारीचा खेळ, पोटभर मांसाहार, लपायला जागा आणि ठरलेल्या वेळा. या गोष्टी त्याने ओरडायच्या आधी दिल्या, तर ओरडायचं कारण उरत नाही. ओरडल्यावर दिल्या, तर ओरडलं की मिळतं हे ते दोन दिवसांत शिकतं. खालचं सगळं याच एका सूत्रावर बेतलेलं आहे.

आणायच्या आधी: एक खोली तयार करा

पहिल्याच दिवशी पूर्ण घर मोकळं सोडू नका. कमी वर्दळीची एक खोली निवडा. तिच्या एका कोपऱ्यात लिटर बॉक्स (शी-शूसाठी खास दाणे, म्हणजे लिटर, घातलेला ट्रे), त्याच्या समोरच्या कोपऱ्यात खाणं आणि पाणी ठेवा. शी-शूच्या जागेजवळ ठेवलेलं अन्न मांजर टाळतं. बॉक्स मोठा आणि उघडा असू द्या. प्लास्टिकचा पसरट टबही चालतो. तळाला पाच-सात सेंटिमीटर लिटर घाला, सुवासिक घेऊ नका. आयुष्यभर मातीत खड्डा खणलेल्या मांजराला हे दाणे काय आहेत ते कळत नाही, म्हणून पहिला आठवडा वरून दोन-तीन मुठी कोरडी माती किंवा वाळू मिसळा. बहुतेक मांजरं वास घेऊन लगेच उकरायला लागतात.

लपायला एक पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा आणि वरून जुनी चादर टाका. चढायला कपाटाचा माथा किंवा रिकामा कप्पा मोकळा ठेवा. नखं घासायला अडीच-तीन फुटी लाकडी खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. खांब हलता कामा नये. एकदा डगमगला की मांजर त्याच्याकडे पाठ फिरवतं आणि सोफ्याकडे वळतं.

खिडक्यांची तयारी मात्र मांजर यायच्या आधी पूर्ण हवी, यात तडजोड नको. मच्छरांची जाळी मांजराच्या नखापुढे टिकत नाही आणि सेफ्टी ग्रिलमधून बारीक मांजर सहज पार होतं. उंचावरून मांजर पडलं तरी पायावर उतरतं, त्याला काही होत नाही, हा समज जीवघेणा आहे. 1987 साली न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडून उपचाराला आलेल्या 132 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक वाचली, पण छातीला मार, जबडा आणि टाळू फुटणं, पाय मोडणं हे नेहमीचं होतं. कबुतरांसाठी बाल्कनीला लावतात ती नायलॉनची जाळी चालते, पण तिचे कोपरे नीट ताणून बसवा आणि कुठे कुरतडली आहे का ते अधूनमधून बघा. शक्य असेल तर बारीक छिद्रांची स्टीलची जाळी लावा.

खोलीतून शिवणाचा दोरा, मांजा, रबरबँड आणि डांबराच्या गोळ्या काढून टाका. गिळलेला दोरा आतड्यात अडकला की पोट उघडावं लागतं. लिलीची फुलं घरातच आणू नका, तिचे परागकणसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात. फरशी फिनेलने पुसत असाल तर त्या खोलीत साधं पाणी वापरा, कारण मांजर पाय चाटतं.

पहिले तीन दिवस

कॅरिअर, म्हणजे मांजर आणलेली पेटी, खोलीत ठेवा, दार उघडा आणि बाजूला जमिनीवर बसा. ओढून बाहेर काढू नका. काही मांजरं दोन दिवस खोक्यातून बाहेर येत नाहीत. आपलं बोलकं मांजर उलट बहुधा तासाभरात येरझाऱ्या घालायला आणि दाराशी ओरडायला लागतं. ही भीतीच असते, फक्त आवाजी. अशा वेळी दिवसातून पाच-सहा वेळा आत जाऊन बसा. पुस्तक वाचा, भाजी निवडा, हळू आवाजात फोनवर बोला. आत जाताना एक पथ्य पाळा: ओरडणं चालू असताना दार उघडू नका. दम घ्यायला ते क्षणभर थांबेल, त्या क्षणी उघडा.

डोळ्यांत रोखून बघू नका. त्याच्याकडे बघताना पापण्या सावकाश मिटा, सावकाश उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की माणसाने अशी उघडझाप केल्यावर मांजरंही तशीच करतात आणि अनोळखी माणसाच्या जवळ यायलाही जास्त तयार होतात. मग एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरा. त्याने वास घेऊन गाल घासला तर गालावर आणि हनुवटीखाली खाजवा. पोटाला हात लावू नका. शेपटी आपटायला लागली, कान मागे गेले की हात काढा.

नवं मांजर बघायला शेजारीपाजारी आणि बिल्डिंगमधली मुलं येतील. त्यांना आठ-दहा दिवसांनी बोलवा.

चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठून ते मरू शकतं, त्यामुळे "भूक लागली की खाईल" असं म्हणून थांबू नका.

ओरडतंय कशासाठी, ते आधी शोधा

मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत. पिल्लं आईला हाक मारतात आणि माणसाबरोबर राहणारी मांजरं तीच हाक आयुष्यभर माणसाला मारतात. म्हणजे हे ओरडणं तुमच्यासाठीच आहे. ते काय सांगतंय हे कळायला वेळ आणि जागा बघा: रिकाम्या वाटीपाशी, बंद दारापाशी, खिडकीत, की लिटर बॉक्समध्ये?

मादी चार महिन्यांपासून पुढे कधीही माजावर येऊ शकते. ती जमिनीवर लोळते, मागचा भाग वर उचलते आणि आठवडाभर दिवसरात्र गळा काढते. समागम झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच. यावर खेळणं, खाणं, लाड, काहीच चालत नाही, नसबंदीचं ऑपरेशन हाच उपाय. बोका असेल तर दारापाशी ओरडणं, बाहेर पळायची धडपड आणि भिंतीवर लघवीचे फवारे यांमागे बहुतेकदा हेच कारण असतं. आणणाऱ्याला विचारा, ऑपरेशन झालंय का. रस्त्यावरच्या मांजराच्या एका कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर नसबंदी झाल्याची ती खूण असते.

बोका लिटर बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि थेंबभरच लघवी होतेय किंवा होतच नाहीये, तर हातातलं सगळं सोडून त्याच तासाला दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो. वेदना कमी व्हायला घरातली कुठलीही गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

पहिल्या आठवड्यातल्या तपासणीत जंताचं औषध, कानातले किडे आणि पिसवा हे बघून घ्या. जंत असलेलं मांजर खात राहतं, भुकेलं राहतं आणि ओरडत राहतं. मांजरांची तिहेरी लस आणि रेबीजची लस यांचं वेळापत्रकही तेव्हाच ठरवा. रुळण्याच्या काळात चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी स्वतःच्या डॉक्टरांना दाखवा.

आता खाणं. दूध-पोळी हे आपल्याकडचं मांजराचं ठरलेलं जेवण, पण मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात. मांजराला मांसच लागतं. टॉरिन नावाचा घटक मांसातून मिळाला नाही तर डोळे आणि हृदय खराब होतं. मांजरांसाठीचं पूर्ण आहाराचं कोरडं किंवा ओलं खाणं मुख्य ठेवा. जोडीला मीठ-मसाला न घालता उकडलेलं कोंबडीचं मांस किंवा काटे काढलेला मासा द्या. कांदा-लसूण त्याला विषारी, म्हणून रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नका. दिवसाचं खाणं चार भागांत ठरलेल्या वेळी द्या. रस्त्यावर पुढचा घास कधी मिळेल हे माहीत नसलेल्या जिवाला वेळेची खात्री पटली की वाटीपाशी ओरडणं आपोआप कमी होतं.

शिकार खेळवा, रोज दोनदा

मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक या पायरीने पडतो, आणि लोक हीच अर्धवट करतात. चेंडू टाकला आणि मोबाइल बघत बसलो, याला खेळवणं म्हणत नाहीत.

खराट्याचा लांब हीर घ्या, त्याला जाड सुतळी आणि टोकाला चिंधी किंवा पीस बांधा. चिंधी मांजराच्या तोंडासमोर नाचवू नका. कुठलाही उंदीर मांजराच्या तोंडाशी येऊन उड्या मारत नाही. ती त्याच्यापासून लांब, जमिनीलगत, सरपटत न्या. सोफ्याच्या पायामागे घाला आणि थांबवा. टोक थोडंसं दिसू द्या आणि किंचित हलवा. आता मांजराकडे बघा: अंग जमिनीला चिकटलेलं, बाहुल्या मोठ्या झालेल्या, मागचा भाग डावी-उजवीकडे हलतोय. इथे घाई करू नका. झडप घातली की पहिल्यांदा निसटू द्या, तिसऱ्या-चौथ्यांदा पकडू द्या, मागच्या पायांनी लाथा मारू द्या. दहा-पंधरा मिनिटांनी चिंधीचा वेग कमी करत न्या, जणू शिकार दमलीय. शेवटची पकड त्याची. लगेच समोर जेवण.

पाठलाग, पकड, जेवण, मग अंग चाटणं आणि झोप, हा मांजराच्या शरीरातलाच क्रम आहे. तो पूर्ण झाला की मांजर खरोखर झोपतं. लेझरच्या ठिपक्यात पकड कधीच होत नाही, म्हणून तो शक्यतो नको. वापरलाच तर शेवटी खऱ्या खेळण्यावर आणून थांबवा. खेळ संपल्यावर सुतळी कपाटात ठेवा, मांजराजवळ सोडू नका.

हाताने कधीही खेळवू नका. बोट हलवून खेळवलेलं मांजर बोटालाच शिकार समजतं. पोटरीवर झडप येत असेल तर ओरडू नका, जागच्या जागी थिजून उभे राहा, आणि झडप घालायच्या त्याच्या नेहमीच्या वेळेआधी दहा मिनिटं हीर बाहेर काढा.

रात्र

मांजर पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत जागं असतं. हे बदलता येत नाही, पण पुढे-मागे सरकवता येतं. झोपायच्या अर्धा तास आधी शिकारीचा खेळ आणि दिवसातलं सर्वांत मोठं जेवण द्या. संध्याकाळी सातला गाढ झोपलेलं असेल तर उठवून थोडं खेळवा.

तरीही पहाटे ओरडलं तर उठू नका, बोलू नका, रागवूही नका. रागावणं हीसुद्धा मांजराच्या लेखी तुमची हजेरीच. पहिल्या काही रात्री ओरडणं वाढेल, कारण जे आजवर चालत होतं ते बंद का पडलं हे ते जोर लावून तपासतं. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि पाचव्या हाकेला कोणीतरी उठतं. मग पुढच्या रात्री पाच हाका ठरलेल्या. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा, विशेषतः आजी-आजोबांना नीट समजावून सांगा. त्यांचा जीव कळवळतो आणि ते दूध घेऊन उठतात. पहाटेची भूक खरी असेल तर वेळेवर आपोआप उघडणारी खाण्याची डबी लावा, म्हणजे अन्न डबीतून येतं, तुमच्यामुळे नाही. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की दोन आठवडे आवाज येईल. आधी सांगितलेल्या आवाजाची तक्रार सहसा येत नाही.

मात्र आजारपणाची शंका असेल, किंवा वर सांगितलेली लघवीची लक्षणं असतील, तर ओरडण्याकडे दुर्लक्ष हा नियम लागू नाही.

घर मोकळं करणं

मांजर नीट खातंय, लिटर बॉक्स वापरतंय आणि तुम्ही आत गेल्यावर शेपटी उभी करून समोर येतंय, एवढं झालं की दार उघडा. संध्याकाळच्या खेळ-जेवणानंतर, एका वेळी एक खोली. पहिल्या खोलीचं दार कायम उघडं ठेवा, घाबरलं की ते तिथेच पळेल. ओट्यावर चढत असेल तर स्वयंपाकघराच्या दाराशी ओट्यापेक्षा उंच स्टूल द्या आणि तिथे बसलं की खाऊ द्या. पाण्याचा फवारा मारू नका. त्याने मांजर ओटा सोडत नाही, तुम्हाला घाबरतं.

घरात आधीचं मांजर असेल तर निदान दोन आठवडे भेट नको. नव्याचं पांघरूण जुन्याजवळ, जुन्याचं नव्याजवळ ठेवा आणि बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवायला घाला. घरातलं आधीचं मांजर पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने गेलं असेल, तर लसीकरण पूर्ण झालेलंच मांजर आणा, कारण तो विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो.

दिवाळीच्या किंवा गणपती मिरवणुकीच्या तोंडावर मांजर आणू नका. आणलंच असेल तर त्या दिवसांत खिडक्या बंद, पहिली खोली तयार आणि खोका अंधारात.

रेस्क्यूवाले ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस धास्तीचे, तीन आठवडे सवयीचे, तीन महिने घर आपलं वाटायचे. ऑपरेशन, जंत, खेळ, वेळा हे सगळं नेटाने करूनही तीन महिन्यांनंतर आवाज तसाच असेल, तर मोबाइलवर दोन-तीन वेळचे व्हिडिओ काढा. कुठे, किती वाजता, त्याआधी काय झालं, हे वहीत लिहा आणि ती वही घेऊन पशुवैद्याकडे जा. दवाखान्यात मांजर गप्प बसतं, म्हणून डॉक्टरांना व्हिडिओ आणि वही दाखवा.