दिवा लागतो, पण रॉकेट पेटत नाही

टेक्सासमधल्या आमच्या मॉडेल रॉकेट क्लबचा लाँचचा शनिवार. लेकीचं सी६-५ मोटरचं (दारूचं छोटं तयार इंजिन) रॉकेट पॅडवर उभं. ५, ४, ३… बटण दाबलं आणि ढिम्म! मीच काहीतरी मोडलंय अशा नजरेनं तिने पाहिलं.

पेटलं नाही की कंट्रोलरची, म्हणजे बटणाच्या डब्याची, सेफ्टी किल्ली काढून ६० सेकंद जवळ जायचं नाही, हा नियम. मुलांसमोर ते ६० सेकंद संपता संपत नाहीत.

इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी बारीक तार, काढून पाहिला, जळलाच नव्हता. त्याला करंट देणाऱ्या दोन क्लिपांवर धुराची काजळी होती, ती पॉलिश पेपरने घासली. सेल नवे घातले. तरी तेच. कंट्रोलरचा दिवा मात्र झकास लागतोय, म्हणजे सर्किट पूर्ण, असं मी धरून बसलेलो.

मग गुडघ्यावर बसून नीट पाहिलं. रॉकेट इतकं खाली होतं की दोन्ही क्लिपा खालच्या लोखंडी पत्र्याला टेकल्या होत्या! करंट इग्नायटरला वळसा घालून पत्र्यातून जात होता. दिव्याला त्याचं काय.

रॉकेट ज्या उभ्या दांडीवर ओवलेलं असतं तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला, रॉकेट चार बोटं वर उचललं. किल्ली, बटण, सुर्रर्र! पॅराशूट उघडलं, वाऱ्याने भरकटलं आणि शेजारच्या गवतात पडलं. शोधायला अर्धा तास गेला, तो वेगळाच.