सशाच्या दाढांचं ऑपरेशन: तो घरी येण्याआधी काय काय तयार हवं

दाढांचं ऑपरेशन ठरलं की आपलं सगळं लक्ष त्या तासाभरावर खिळतं. भूल सोसेल ना, शुद्धीवर येईल ना, याचीच धास्ती. ती रास्त आहे, पण घरच्यांचं काम खरं तर त्यानंतर सुरू होतं. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या पाळीव प्राण्यांची मोठी पाहणी झाली. त्यात सशांमधलं मृत्यूचं प्रमाण १.३९ टक्के निघालं, तर कुत्र्यांमधलं ०.१७ टक्के. दगावलेल्या सशांपैकी निम्म्याहून जास्त ऑपरेशनच्या टेबलावर दगावले नव्हते. ऑपरेशन संपल्यावर, बरेचसे पहिल्या तीन तासांत गेले होते. त्यात आधीपासून आजारी असलेले ससेही होते, निरोगी सशांचा आकडा याच्या जवळपास निम्मा आहे. हे घाबरवायला सांगत नाही. जागायची वेळ कोणती, ते आधी कळावं म्हणून सांगते.

सशाचं पोट चोवीस तास चालू असतं. तो थोडं थोडं, पण सतत खातो आणि गवतातला चोथा आतडं पुढे ढकलत राहतो. तोंड दुखतं म्हणून तो खात नाही, खात नाही म्हणून आतडं मंदावतं, मंदावलं की गॅस धरतो, गॅसनं पोट दुखतं आणि मग तो मुळीच खात नाही. हे चक्र सुरू होऊ द्यायचं नाही. खालची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

आठवडाभर आधी स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा काढा आणि ससा टोपलीत बसवून रोज एकाच वेळी वजन लिहायला लागा. नंतर पन्नास-शंभर ग्रॅम उतरले तर ते हाताला कळत नाही, काट्यालाच कळतं. त्याच वहीत लेंड्यांचा अंदाजही लिहा: साधारण किती, केवढ्या, कोरड्या की चिकट. त्याच्या एरवीच्या लेंड्या माहीत नसतील तर ऑपरेशननंतरच्या कमी झाल्या की नाही, हे ठरवणार कशावरून? कोणती पालेभाजी तो सगळ्यांत आधी ओढतो, तेही टिपून ठेवा. आमच्या टिकलीला एरवी सगळंच चालायचं, पण ऑपरेशनच्या रात्री कोथिंबिरीची कोवळी पानं सोडून तिनं कशाला तोंड लावलं नाही.

याच आठवड्यात सिरिंजची ओळख करून द्या. भिजवून कुस्करलेल्या पेलेटचा (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्यांचा) घास रोज एकदा सिरिंजच्या टोकावर धरा आणि त्याचा त्याला चाटू द्या. ऑपरेशननंतर दुखऱ्या तोंडात पहिल्यांदाच सिरिंज शिरली तर झटापट होते. ओळखीची असेल तर काम निम्मं होतं. दोन प्रकारच्या सिरिंज लागतात: औषधाला १ मिलीची, भरवायला रुंद तोंडाची. हाताने भरवायचं पीठ (क्रिटिकल केअर म्हणतात ते किंवा डॉक्टर सांगतील ते) आधीच आणून ठेवा. त्यातल्या गवताच्या तुसानं बारीक तोंडाची सिरिंज हमखास तुंबते आणि जोर लावला की सगळं एकदम तोंडात जातं. रुंद तोंडाची मिळाली नाही तर १ मिलीच्या सिरिंजचं टोक कापा, कड गुळगुळीत होईपर्यंत घासा आणि आपल्याच ओठांवर फिरवून पाहा.

आदल्या रात्रीबद्दल एकच गोष्ट, पण ती पक्की करून घ्या: सशाला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. कुत्र्या-मांजरांना भुलेत उलटी होऊ नये म्हणून उपास घडवतात. सशाला उलटी होतच नाही आणि रिकाम्या पोटाचा त्याला धोका जास्त. तोंड स्वच्छ राहावं म्हणून काही डॉक्टर शेवटचा तास-दोन तास खाणं बंद करायला सांगतात, तेवढं पाळा. पहिल्या वेळी आम्हाला मिळालेल्या छापील कागदावर ‘रात्री बारानंतर काही देऊ नये’ असं होतं. तो कागद सगळ्या प्राण्यांना एकच होता. मी फोन करून विचारलं म्हणून कळलं. तुम्हीही विचारा, संकोच करू नका.

जोडीदार ससा असेल तर शक्यतो त्यालाही बरोबर न्या. दवाखान्याचा वास घेऊन एकटाच परतलेला ससा दुसऱ्याला परका वाटतो आणि एरवी अंगाला अंग लावून झोपणारे दोघे एकमेकांवर धावून जातात.

परत आणताना घाई करू नका. मान सावरत नसेल, डोळ्यांवर अजून गुंगी असेल, तर थांबवून घ्या. निघण्यापूर्वी डॉक्टरांना काय विचारायचं ते घरूनच लिहून न्या, कारण पिंजरा हातात आला की डोकं रिकामं होतं. नेमकं काय केलं: दाढांची वाढलेली टोकं घासली, की दात काढला, की गळू उघडलं? टाके आहेत का? जखम धुवायची असेल तर कशानं? अंगाचं तापमान किती आहे? (सशाचं साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं, ३८ च्या खाली असेल तर ऊब देऊन वर येईपर्यंत तिथेच ठेवलेलं बरं.) शुद्धीवर आल्यावर स्वतःहून काही खाल्लं का, लेंड्या टाकल्या का? दुखण्याचं औषध किती वाजता दिलं आणि पुढचा डोस कधी? आणि रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा? हे शेवटचं तोंडी आश्वासनावर सोडू नका, नंबर लिहून घ्या.

घरातली जागा साधी ठेवा. भुसा आणि मातीचे खडे काढून टाका, ते ओल्या तोंडाला आणि जखमेला चिकटतात. त्याऐवजी फिकट रंगाचा टॉवेल अंथरा, म्हणजे लेंडी आणि रक्ताचा डाग लगेच दिसेल. चढ-उतार नको, उंच कट्टा नको. पाणी उथळ भांड्यात, कारण दुखऱ्या तोंडानं बाटलीची नळी चाटणं अवघड जातं. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून एका कोपऱ्यातच ठेवा. नको झाली तर त्याला बाजूला सरकता आलं पाहिजे, सशाला थंडी सोसते पण उकाडा सोसत नाही.

आता भरवणं. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. ससा पूर्ण शुद्धीवर आला आहे आणि गिळतो आहे, याची खात्री झाल्याशिवाय तोंडात थेंबही घालू नका. पीठ कोमट पाण्यात, पाकिटावरच्या मापानं कालवा आणि पाच मिनिटं फुगू द्या. बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं त्याला टॉवेलात घ्या, पुढचे पाय आत, डोकं बाहेर. आणि जमिनीवरच बसा. ससा उचललेला असताना मागच्या पायांनी झटका देतो आणि त्या झटक्यानं त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. त्याला उताणा कधीच करू नका, पोट खाली आणि डोकं नेहमीच्या पातळीत हवं. पटाशीच्या दातांमागे, दाढा सुरू व्हायच्या आधी, दोन्ही बाजूंना मोकळी फट असते. सिरिंज समोरून नाही, त्या फटीतून आडवी सरकवायची. एका वेळी अर्धा ते एक मिली, मग थांबायचं. जबडा हलताना दिसला, गिळल्याचं दिसलं, की पुढचा घास. घाई केली तर घास श्वासनळीत जातो. दात काढलेल्या बाजूनं भरवू नका.

किती भरवायचं? स्वतःहून अजिबात न खाणाऱ्या सशाला दर किलो वजनामागे दिवसभरात सुमारे ५० मिली कालवलेलं पीठ, चार-पाच वेळांत विभागून, असा ढोबळ हिशोब असतो. दोन किलोच्या सशाला १०० मिली, म्हणजे पाच वेळा वीस-वीस मिली. पहिल्या एक-दोन वेळा त्यातलं निम्मंच गेलं तरी चालेल. नेमकं माप डॉक्टरांकडून घ्या. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: पोट ढोलासारखं ताठ लागत असेल तर भरवू नका, फोन करा.

सिरिंज बाजूला ठेवल्यावर त्याच्यासमोर गवत राहू द्या, मऊ पानाचं, काडीचं नव्हे. पालेभाजी बारीक पट्ट्यांत कापा. पटाशीचे दात काढलेले ससे ओठांनी उचलून खायला शिकतात आणि पुढे छान जगतात, पण सुरुवातीला त्यांना सगळं चिरूनच द्यावं लागतं. तो एखादं पान तोंडात धरतो, चघळतो आणि सोडून देतो. असं झालं तर भूक आहे पण दुखतंय असं समजा आणि डोस पुरतो आहे का, ते विचारा.

दुखण्याचं औषध वेळेवर द्या, ससा बरा दिसला म्हणून मधला डोस गाळू नका. ससा हा शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवतो. म्हणून चेहरा वाचायला शिका. डोळे अर्धवट मिटलेले, गाल चपटे, मिशा ताठ, कान मागे आवळलेले, अंग गोळा करून कोपऱ्यात बसलेला. यातल्या चेहऱ्याच्या खुणांवरून सशांचं दुखणं मोजायची एक पट्टी २०१२ साली प्रसिद्ध झाली. दात खाण्याचा आवाजही ऐका: कुरवाळताना येणारी बारीक कुरकुर समाधानाची असते, एकटा बसून करकरा दात खात असेल तर ते दुखण्याचं. घरातल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. आणि उरलेलं अमॉक्सिसिलिन तर मुळीच नाही, तोंडावाटे दिलेलं ते औषध सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं आणि त्यात ससा दगावू शकतो.

पहिल्या रात्रीसाठी घरात पाळ्या लावा. प्रत्येक वेळी वहीत तीन रकाने भरायचे: काय गेलं, काय बाहेर आलं, औषध किती वाजता. पहिल्या लेंड्या बारीक, कोरड्या, वेड्यावाकड्या असतात, त्यानं घाबरू नका. दिवसागणिक त्या गोल आणि मोठ्या होत गेल्या की आतडं चालू आहे. दहा-बारा तास स्वतःहून एक घासही नाही किंवा एक लेंडीही नाही, कान गार आणि अंग सैल, तोंड उघडं टाकून श्वास, रक्त थांबत नाही: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

दिवसातून दोनदा हनुवटी आणि शेपटीखालची जागा पाहा. हनुवटी लाळेनं ओली राहिली तर कातडी सोलवटते. मऊ लेंड्या तो एरवी थेट खाऊन टाकतो, तोंड दुखत असताना त्या मागे चिकटून राहतात आणि तिथे माशी बसली तर एका दिवसात अळ्या पडतात. ओल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरडं करा.

नुसती टोकं घासली असतील तर बरेच ससे एक-दोन दिवसांत स्वतःहून खायला लागतात, दात काढला असेल तर जास्त वेळ लागतो. भरवणं एकदम बंद करू नका. वजन सलग दोन दिवस टिकलं की एक वेळ कमी करा, पुन्हा टिकलं की आणखी एक. दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे जबडा नीट जुळत नसेल तर टोकं काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा येतात. कुठलाही दात घरी नेलकटरनं कापायचा मोह झाला तरी कापू नका, दात उभा चिरतो. पुढच्या तपासणीची तारीख दवाखान्यातून निघतानाच घ्या आणि जाताना वही बरोबर न्या. दुसऱ्या खेपेला टिकलीचं वजन चार दिवसांत ६० ग्रॅम उतरलेलं वहीतच दिसलं होतं, खाणं अजून तसंच दिसत असताना. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं तर डावीकडच्या खालच्या दाढेचं टोक जिभेला टेकलं होतं.