नोव्हेंबरात फिनलंडला आहात? मग दुर्मिळ पक्षी शोधायचे असे

बरेच जण सप्टेंबर संपला की दुर्बीण कपाटात टाकतात, पण खरी मजा ऑक्टोबर शेवट ते नोव्हेंबर मधे असते, कारण सायबेरियातले छोटे पक्षी वाट चुकून याच दिवसांत इकडे येतात. पल्लासचा वटवट्या बघा, जेमतेम 9 सेंटिमीटरचा जीव, खरं तर जायला हवा दक्षिण चीनकडे.

आधी वारा बघा. दोन-तीन दिवस पूर्वेचा किंवा आग्नेयेचा असेल तर किनारा गाठा. हांको टोकच सोपं, हेलसिंकीहून ट्रेनने, कार्या स्टेशनला गाडी बदलून जाता येतं, तिथलं पक्षी केंद्र 1979 पासून चालू आहे. उतो बेट भारीच आहे पण फेरीचं टाइमटेबल बघूनच निघा नाहीतर अडकाल.

फोनवर बर्डलाइफ या पक्षीसंस्थेची तीरा साइट उघडी ठेवा, कोणाला काय कुठे दिसलं ते कळतं, आणि तुम्हाला दिसलं तर तुम्हीही टाका हो, नुसतं वाचू नका.

उजेड कमी असतो, नोव्हेंबर मध्याला पावणेचार-चारला सूर्य गुल, त्यामुळे सकाळ घालवू नका. वाऱ्याच्या आडोशाची झुडपं, समुद्रकाठची शेवाळं, टिट (रामगंगा) मंडळींचे थवे नीट चाळा, त्यातच एखादा पाहुणा लपलेला असतो. आवाज आधीच ऐकून ठेवा. ह्यूमचा वटवट्या, जो भारतात हिवाळ्याला येतो, तो पिवळ्या भुवईच्या वटवट्यासारखाच दिसतो, आवाजावरूनच पटकन कळतो. लोकांच्या अंगणात मात्र विचारल्याशिवाय घुसू नका. बोटं उघडी राहणारे हातमोजे घ्या, फोकस फिरवायला लागतात.