ट्रायथलॉन सायकलचा क्रँक बदलताना: आधी फ्रेम मोजा, मग खरेदी करा

नवा क्रँक (पेडल ज्यावर बसतात ते दोन हात आणि पुढची दातेरी चाके) घ्यायचा म्हटले की बरेच जण आधी क्रँक घेतात, मग बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यात फिरतो तो बेअरिंगचा संच) शोधतात आणि सगळ्यात शेवटी फ्रेम मोजतात. पैसे वाया जातात ते या उलट्या क्रमामुळे. फ्रेमचे भोक बदलता येत नाही, क्रँकचा स्पिंडल, म्हणजे दोन्ही हात जोडणारा आडवा दांडा, तोही बदलता येत नाही. बॉटम ब्रॅकेट हा या दोघांमधला दुवा आहे, म्हणून तो सगळ्यात शेवटी निवडायचा.

पहिली पायरी: फ्रेमचे शेल मोजा

शेल म्हणजे फ्रेममधली ती नळी जिच्या भोकात बॉटम ब्रॅकेट बसतो. मोजपट्टी इथे कामाची नाही, व्हर्नियर कॅलिपरच हवा. ४१ आणि ४२ मिमीची भोके डोळ्याला सारखीच दिसतात, पण एकातला भाग दुसऱ्यात बसत नाही. बॉटम ब्रॅकेटचे जुने कप (बेअरिंग धरणाऱ्या वाट्या) काढून आतला व्यास घ्या आणि कप न धरता शेलची रुंदी मोजा. आत आटे असतील तर काम सोपे. रुंदी ६८ मिमी आणि आट्यांचा व्यास १.३७ इंच असेल तर ते बीएसए. रुंदी ७० मिमी आणि दोन्ही बाजूंना सुलटे आटे असतील तर इटालियन. आट्यांचा व्यास ४७ मिमी असेल तर टी४७. आटे नसतील तर प्रेसफिट, म्हणजे दाबून बसवायच्या घराण्यातले माप ओळखावे लागते (सगळी मापे मिमीत):

- बीबी३०: व्यास ४२, रुंदी ६८. आत सर्कलिपची (बेअरिंग अडवणाऱ्या कडीची) खाच दिसते.
- पीएफ३०: व्यास ४६, रुंदी ६८.
- बीबी८६: व्यास ४१, रुंदी ८६.५.
- ३८६ ईव्हो: व्यास ४६, रुंदी ८६.५.
- बीबीराइट: व्यास ४६, रुंदी ७९. डावी बाजू उजवीपेक्षा जास्त बाहेर येते. सर्व्हेलो कंपनीच्या पी-सिरीज सायकलींमध्ये हे सर्रास आढळते.
- ट्रेक कंपनीचे बीबी९०: व्यास ३७, रुंदी ९०. बेअरिंग थेट कार्बनमध्ये बसते.

पीएफ३०, ३८६ ईव्हो आणि बीबीराइट या तिघांचा व्यास एकच आहे. फक्त व्यास पाहून ऑर्डर दिली की कप बसतो, पण क्रँक एका बाजूला सरकतो किंवा क्रँकचा डावा हात स्पिंडलवर पुरता चढत नाही. रुंदी मोजायची ती यासाठी.

दुसरी पायरी: क्रँकची लांबी ठरवा

ट्रायथलॉनमध्ये खरा फायदा इथे मिळतो. एरोबारवर (कोपर टेकवून धरायच्या पुढच्या दांड्यांवर) वाकून बसल्यावर पेडल वर आले की मांडी पोटाजवळ येते आणि नितंबाचा सांधा आवळला जातो. १७२.५ वरून १६५ मिमीवर आलात तर सीट ७.५ मिमी वर घ्यावी लागते, आणि वरच्या टोकाला पेडल आणखी ७.५ मिमी खाली राहते. म्हणजे मांडीला १५ मिमी मोकळीक मिळते. ९० किंवा १८० किलोमीटर सायकल चालवून लगेच पळायचे असते, तेव्हा ही मोकळीक महागड्या सिरॅमिक बेअरिंगपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडते.

याची किंमतही आहे. तरफ सुमारे ४ टक्क्यांनी आखूड होते आणि चढावर त्याच गिअरमध्ये पाय जड वाटतात. म्हणून लांबी कमी करताना गिअर एक पायरी हलका करा: पुढे ३६ ऐवजी ३४ किंवा मागे २८ ऐवजी ३० दात. वेग कमी पडेल ही भीती सोडा. ५०-११ च्या गिअरवर (पुढे ५०, मागे ११ दात), २५ मिमी टायर आणि मिनिटाला ९० फेऱ्या धरल्या तर वेग ताशी सुमारे ५१ किलोमीटर येतो. हौशी स्पर्धकाला सपाटीवर याहून मोठा गिअर लागत नाही.

तिसरी पायरी: स्पिंडल आणि शेल जुळवा

शिमानो आणि स्रॅम या सायकलचे भाग बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या. शिमानोचा होलोटेक २ स्पिंडल २४ मिमीचा असतो. स्रॅमचा जुना जीएक्सपी उजवीकडे २४ आणि डावीकडे २२ मिमीचा. त्यामुळे शिमानोच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये जीएक्सपी क्रँक घातला तर डावीकडे २ मिमीचा प्ले, म्हणजे ढिलेपणा राहतो. स्रॅमचा डब हा स्पिंडल २८.९९ मिमीचा आहे. उरले ३० मिमीवाले. त्यांचे आखूड आणि लांब असे दोन प्रकार आहेत. आखूड स्पिंडल बीबी३० आणि पीएफ३० साठी असतो, तो बीएसए किंवा बीबी८६ च्या फ्रेममध्ये पुरतच नाही. लांब, म्हणजे ३८६ ईव्होचा, योग्य बॉटम ब्रॅकेट आणि स्पेसर (फट भरणाऱ्या कड्या) घेऊन बहुतेक फ्रेममध्ये जातो.

बीबी८६ मध्ये ३० मिमीचा स्पिंडल बसतो, पण टाळलेला बरा. ४१ मिमीच्या भोकात ३० मिमीचा दांडा गेला की बेअरिंगच्या गोळ्यांना जागाच उरत नाही, बेअरिंग बारीक घ्यावे लागते आणि लवकर खरखरते. बीबी९० मध्ये तर २४ मिमी आणि जीएक्सपी एवढेच पर्याय आहेत.

उदाहरण म्हणून कॅन्यन स्पीडमॅक्स ही ट्रायथलॉन सायकल घ्या. शेल बीबी८६ आणि गिअर शिमानो ११-स्पीड (मागे ११ चकत्या) असतील तर १६५ मिमी लांबीचा, २४ मिमी स्पिंडलचा अल्टेग्रा आर८००० क्रँक आणि एसएम-बीबी७२-४१बी बॉटम ब्रॅकेट ही सरळ जोडी आहे. त्यात अडॅप्टर लागत नाही.

क्रँक सेकंडहँड घेणार असाल तर एक गोष्ट नक्की तपासा. जून २०१२ ते जून २०१९ मध्ये बनलेले ११-स्पीडचे ड्युरा-एस आणि अल्टेग्रा क्रँक शिमानोने २०२३ मध्ये तपासणीसाठी परत बोलावले, कारण चिकटवलेले दोन भाग सुटू शकत होते. क्रँकच्या हाताच्या मागच्या बाजूला केएफ ते आरएफ या मालिकेतला कोड असेल, तर अधिकृत विक्रेत्याकडून तपासून घेतल्याशिवाय तो बसवू नका.

स्रॅम एएक्सएस या इलेक्ट्रॉनिक गिअरच्या फ्लॅटटॉप चेनला त्याच घराण्याच्या चेनरिंग (पुढची दातेरी चाके) लागतात. क्रँकच्या डाव्या हातावर पॉवर मीटर (पायाची ताकद मोजणारे यंत्र) असेल तर हात आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) यांमधली जागा आधी मोजा. मीटरची जाडी साधारण १० मिमी धरा.

चौथी पायरी: बसवणे

बीएसएमध्ये उजव्या कपाला उलटे आटे असतात, तो घड्याळाच्या उलट दिशेने आवळतो. आधी हाताने तीन-चार फेरे सहज गेले पाहिजेत. अडला तर जोर लावू नका, आटे गेले तर फ्रेमच जाते. आट्यांना ग्रीस लावून ३५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळा.

प्रेसफिटचा कप हातोडीने ठोकू नका. तो तिरका जातो आणि पुढे प्रत्येक पेडलला टकटक वाजतो. शेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि बेअरिंग प्रेसने कप सरळ आत ढकला. नवे कप घालूनही आवाज जात नसेल तर शेलची दोन भोके एका रेषेत नसण्याची शक्यता मोठी. अशा वेळी दोन्ही कप आत एकमेकांत आट्यांनी गुंतणारा बॉटम ब्रॅकेट घ्या. थोडा महाग पडतो, पण दोन्ही बेअरिंग एका रेषेत धरून ठेवतो.

शिमानो क्रँकचा डावा हात चढवताना स्पिंडलच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी फक्त ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर, म्हणजे बोटांनी फिरवण्याइतकीच आवळायची. इथे जोर लावला की बेअरिंग दाबून मरते. मग दोन बोल्टमधली छोटी पट्टी खाली दाबा. तिची पिन स्पिंडलच्या भोकात टक् करून बसली पाहिजे. बसत नसेल तर हात पुरता आत गेलेला नाही, बोल्ट आवळू नका. पिन बसल्यावर दोन्ही बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे करत १२ ते १४ न्यूटन-मीटरवर आणा. स्रॅम डबचा एकच मोठा बोल्ट ८ मिमीच्या अॅलन कीने ५४ न्यूटन-मीटरला आवळतो. साध्या छोट्या कीने एवढा टॉर्क येत नाही.

चेनरिंग ५० ची ५२ केली तर फ्रंट डिरेलर (चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर नेणारा भाग) सुमारे ४ मिमी वर घ्या. त्याची बाहेरची पट्टी आणि चेनरिंगच्या दाताचे टोक यांत १ ते ३ मिमी अंतर ठेवा. चेन पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्यावर चढवून पुरते का पाहा. मागचा डिरेलर पुढे पूर्ण ताणला जात असेल तर चेन लांब हवी.

सीट वर घेतल्यावर एरोबारचे पॅड तेवढेच वर घ्यायचे की नाही, हे दोन-तीन लांब राइडनंतर ठरवा. सवय व्हायला वेळ लागतो, त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात क्रँक बदलू नका. पहिल्या १०० किलोमीटरनंतर बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासा. मग सायकल उभी करून क्रँकचा डावा हात धरा आणि आत-बाहेर ढकलून पाहा. जरासाही प्ले जाणवला तर बोल्ट सैल करून टोपीपासून पुन्हा सुरुवात करा.