हब उघडा, छर्रे मोजा

वडिलांची काळी सायकल नऊ वर्षं जिन्याखाली उभी होती. बाहेर काढून पुढचं चाक उचललं, बोटाने फिरवलं, तर अर्धा फेरा घेऊन ते थांबलं. दोन्ही चाकं नवीन टाक, असं मला सांगण्यात आलं. मी आधी हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडलं. आत ग्रीसच्या जागी जुन्या मेणासारखा तपकिरी थर होता, छर्रे (पोलादाच्या बारीक गोळ्या) त्यात रुतले होते, आणि थराखालचा धातू चकचकीत होता. तेव्हापासून उघडून बघितल्याशिवाय मी कुठलाही भाग टाकत नाही. म्हणून इथेही हबवरच जास्त लिहिते आहे. जुन्या धाटणीच्या सायकलीत पायडल, हँडलचा सेट, पायडलींमधला एक्सल (दांडा), सगळीकडे तीच रचना असते: वाटी, तिच्यात फिरणारे छर्रे, आणि त्यांना आतून धरणारा, एक्सलवर आट्यांनी बसणारा निमुळता कोन. एक हब नीट जमलं की बाकीचं हाताला आपोआप कळतं.

सामान थोडं लागतं. दोन पाने, त्यातला एक पातळ, कोनसाठीचा. कोनला पाना बसायची खाच अरुंद असते, जाड पाना तिथे शिरत नाही आणि जबरदस्ती केली तर कडा खातो. शिवाय रॉकेल, चिंध्या, लोहचुंबक, ग्रीस आणि खाली पसरायला जुनी चादर. चादर विसरू नका. छर्रा फरशीवर पडला की थेट कपाटाखाली जातो. रॉकेल वापरताना खिडकी उघडी ठेवा आणि आसपास काही पेटतं नको. पेट्रोलने भाग धुवायचे नाहीत, त्याची वाफ लगेच पेट घेते.

चाक काढलं की एकाच बाजूचा चेकनट (कोनला जागेवर पक्का करणारा बाहेरचा नट) आणि कोन सोडवा. दुसरी बाजू तशीच राहू द्या, म्हणजे एक्सल कुठल्या बाजूला किती बाहेर होता हे पुन्हा मोजावं लागत नाही. मागच्या चाकात फ्रीव्हीलची (चेन ज्यावर चढते त्या दातेरी चक्राची) बाजू ठेवायची, डावी सोडवायची. एक्सल हळूच ओढताना चाक चादरीवर आडवं धरा, छर्रे खाली सांडू देत. आत चिकटलेले चुंबकाने उचला. वरची पत्र्याची टोपी स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा मोह होतो, पण ती एकदा वाकली की चाकाला घासत राहते. मी ती जागेवरच ठेवते.

आता मोजा, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे. साधारणपणे पुढच्या हबमध्ये एका बाजूला ३/१६ इंचाचे १० छर्रे असतात आणि मागच्यात १/४ इंचाचे ९. माझ्या मागच्या चाकात एका बाजूला आठच निघाले. कोणीतरी कधीतरी एक कमी घातला होता आणि सायकल तशीच चालत राहिली होती. म्हणून जुना आकडा डोळे झाकून खरा मानू नका. वाटीत छर्रे लावून बघा: सगळे बसल्यावर थोडी फट उरली पाहिजे, पण आणखी एक मावेल एवढी नाही.

मग रॉकेलने सगळं स्वच्छ करा आणि कोन उजेडात धरा. यात घाई करू नका, कारण काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते इथे ठरतं. कोनच्या उतारावर छर्रे जिथून फिरतात तिथे एक गोल पट्टी दिसते. ती सलग आणि तुकतुकीत असेल तर कोन उत्तम आहे, मग तो कितीही जुना असो. पट्टीवर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे असतील तर कोन बदलायचा. डोळ्यांना शंका वाटली तर बॉलपेनचं टोक पट्टीवरून फिरवा. जिथे खड्डा आहे तिथे ते अडकतं, आणि हाताला जे कळतं ते डोळ्यांना दिसत नाही. वाटीचीही अशीच परीक्षा घ्या. वाटी हबमध्ये ठोकून बसवलेली असते, ती सहजी बदलत नाही. तिच्यात एखादा बारीक डाग असेल तर ताज्या ग्रीसवर हब पुष्कळ काळ चालतं. खोल खड्डे असतील तर मात्र हबच बदलावं लागतं.

छर्रे मात्र मी दर वेळी नवीन घालते, आणि पूर्ण संच. झिजलेल्या छर्‍यांत दोन नवीन मिसळले तर ते किंचित मोठे असल्यामुळे सगळा भार त्यांच्यावरच येतो. नवा कोन घेताना जुना सोबत न्या आणि आटे, उंची, उताराची गोलाई ताडून बघा. आटे जुळले म्हणजे कोन जुळला असं होत नाही.

वाटीत ग्रीसची जाड कडी भरा, छर्रे तिच्यात एकेक दाबत जा. ग्रीसच त्यांना धरून ठेवतं. एक्सल घाला, कोन बोटांनी टेकेपर्यंत फिरवा आणि पाव फेरा मागे घ्या. पातळ पान्याने कोन जागच्या जागी धरून चेकनट आवळा. नट आवळताना कोनही थोडा आत सरकतो, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात बहुधा घट्टच होतं. पुन्हा सोडवा, पुन्हा करा. मला सुरुवातीला सहा-सात वेळा करावं लागलं आणि त्यात वावगं काही नाही. परीक्षा दोन आहेत. चाक फ्रेममध्ये बसवून, नट आवळून रिम डावी-उजवी हलवा: खटखट जाणवायला नको. मग चाक अगदी हळू फिरवून सोडा. थांबण्याआधी ते झोपाळ्यासारखं मागेपुढे हेलकावे घेतं आणि जड बाजू खाली येऊन थांबतं. माझ्या पुढच्या चाकात व्हॉल्व्हची बाजू खाली आली. एका जागी गपकन थांबलं तर कोन अजून घट्ट आहे. ज्या सायकलीला पान्याच्या नटाऐवजी दांडी दाबून चाक आवळायची सोय असते, तिथे चाक हातात असताना अगदी किंचित खेळ ठेवा. दांडी दाबली की एक्सल आवळला जातो आणि तो खेळ नाहीसा होतो.

फ्रीव्हील उघडू नका. आत बारीक छर्‍यांच्या रांगा, कुत्री (चक्राला एकाच दिशेने अडवणारे छोटे खटके) आणि केसाएवढ्या स्प्रिंगा असतात. रॉकेल सोडून फिरवत राहा, घाण निघाली की सुकू द्या आणि पातळ तेल घाला. टकटक आवाज स्वच्छ झाला की काम झालं.

पायडल काढताना डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. सोपी खूण अशी: पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पायडल सुटतात.

कॉटर पिनला, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलवर पक्का करणाऱ्या पिनेला, लोक घाबरतात ते बरोबर आहे. हळूहळू ठोकल्याने तिचे आटे पसरतात आणि मग ती निघतच नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल घाला. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी समतल होईपर्यंतच सोडवा. क्रँकखाली लाकडाचा भक्कम ठोकळा किंवा पाइप लावा, म्हणजे हातोडीचा मार छर्‍यांवर जाणार नाही, आणि एकच जोरदार घाव घाला. बसवताना दोन्ही पायडल आडव्या रेषेत धरल्यावर एका पिनचा नट वर आणि दुसऱ्याचा खाली आला पाहिजे. मी एकदा दोन्ही एकाच दिशेने घातल्या, आणि पायडली एका रेषेत येईनात. नवी पिन पुरेशी आत जात नसेल तर तिची सपाट बाजू कानशीने थोडी थोडी घासा आणि दर वेळी लावून बघा.

चेनची झीज मोजायला साधी फूटपट्टी पुरते. एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अर्धा इंच, म्हणजे चोवीस अंतरं बरोबर १२ इंच. १२ इंचाच्या पुढे १/१६ गेलं तर चेन बदला. १/८ गेलं असेल तर दातेही खाल्ले गेले असणार. लोखंडी पट्ट्या ताणल्या जात नाहीत, आतल्या पिना झिजतात आणि लांबी वाढते. तेल प्रत्येक रोलरवर एकेक थेंब, नंतर बाहेरचं सगळं पुसून काढा, कारण बाहेरच्या तेलाला फक्त धूळ चिकटते. लॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या क्लिपची) बंद बाजू चेन पळते त्या दिशेला हवी.

गंजाचं थोडक्यात. क्रोमच्या रिमवर अॅल्युमिनियमचा पातळ कागद चुरगाळून, पाण्यात बुडवून घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे येत नाहीत. खोल गंजलेले छोटे पोलादी भाग लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल घालून प्लास्टिकच्या बादलीत भिजवा. हे विषारी आहे: हातमोजे घाला आणि मुलांपासून दूर ठेवा. अॅल्युमिनियम, जस्ताचा मुलामा आणि बेअरिंगचे भाग त्यात नकोत. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा, कोरडं करा आणि लगेच तेलाचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात नवा गंज धरतो.

चाकाचा आउट, म्हणजे रिमचं डावं-उजवं डुलणं, काढायचा असेल तर आधी प्रत्येक निपलवर (तारेच्या टोकाच्या नटावर) तेलाचा थेंब सोडा. रिम डावीकडे जात असेल तर तिथल्या उजव्या बाजूच्या तारा पाव फेरा आवळा आणि पुन्हा फिरवून बघा.

पहिल्या पाच-दहा किलोमीटरनंतर कॉटरचे नट पुन्हा आवळा, ते हमखास सैल झालेले असतात. त्याच वेळी रिम धरून हबचा खेळही तपासा, कारण नवं ग्रीस आणि नवे छर्रे बसले की कोनला कधीकधी आणखी थोडं आत घ्यावं लागतं.